लाल झेंडीखालचा फासा

रिसाली,
रविवार, दुपार

प्रिय धोंडबा,

फोन केला की तू कापतोस, म्हणून हा कागद सुनेच्या हाती पाठवतो आहे. माझ्यावरचा राग ममतावर काढू नकोस, तिला चहा तरी पाज.

कुरुदच्या माझ्या जमिनीत ससे धरायला मी नाही म्हटलं, तेव्हापासून तू रुसला आहेस. आमच्या गौरवच्या लग्नात भर पंगतीत गरजलास, “ससा काय तुह्या नावानं हाये? रजिस्ट्री दाखव मले!” सारी पंगत हसली आणि मी बुंदीचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडे वळलो. उत्तर आता देतो. ससा माझ्या नावावर नाही, पण तो माझ्या कुंपणाच्या आत माझ्या भरवशावर झोपतो. शिवाय त्याला धरणं कायद्यातही बसत नाही, हे तुला चांगलं माहीत आहे.

तरी तू चोरून फासे लावू लागलास. अरे, चोरी तरी नीट करावी! जन्मभर रेल्वेच्या गँगमध्ये रूळ दुरुस्त केलेस. काम चालू असलं की दोन्ही बाजूंना लाल झेंडी रोवायची, ही सवय तुझ्या हाडात मुरलेली. म्हणून फाशाच्या अलीकडे एक झेंडी आणि पलीकडे एक, कुणाचा पाय अडकू नये म्हणून! मला त्या थेट रस्त्यावरून दिसायच्या. ससेही बघून वळत असतील. मी दर रविवारी फासा सोडून तार गुंडाळून खांबाला अडकवायचो, आणि पुढच्या खेपेला तू त्याच तारेचा फासा करायचास. झेंड्यांना मात्र मी कधी हात लावला नाही.

राग यायचाच. न विचारता दुसऱ्याच्या जमिनीत शिरणं वाईटच. पण झेंडी दिसली की जिवाला बरंही वाटायचं. गडी अजून कुंपण ओलांडतो, म्हणजे गुडघे शाबूत आहेत. घरी येऊन ममताला सांगायचो, धोंडबाची तब्येत ठीक आहे.

गेल्या रविवारी झेंडी नव्हती. आजही नाही. सगळी जमीन फिरलो. ससा तेवढा बांधावर निवांत बसला होता, आणि त्याला पाहून मी तडक घरी येऊन हा कागद लिहायला बसलो. कसा आहेस रे? फासा लावायची परवानगी मी मरेपर्यंत देणार नाही. पण फाटकाची किल्ली ममताजवळ दिली आहे. ती घे, आणि नुसती झेंडी लावून जात जा.

तुझाच,
शालिकराम