पिल्लाला हात लावण्याआधी

२ फेब्रुवारी, सकाळी ६.४०
नवी वही. जुनी वही बायकोने कपाटाच्या आखूड पायाखाली घातली. कपाट आता हलत नाही, त्यामुळे वही परत मागता येत नाही. कॉलेजातून रिटायर होताना आणलेल्या पेन्सिली अजून अकरा आहेत. पुरतील.

उद्या मुलगी दवाखान्यातून येते. नात झाली. महिनाभर दोघी इथेच.

संकल्प : महिनाभर आवाज चढवायचा नाही. नातीला पहिल्याच दिवशी उचलून घ्यायचे. व्याह्यांशी नीट वागायचे (हा अवघड).

व्याह्यांचे मटणाचे दुकान. चाळीस वर्षे सुरी चालवली. आता दुकान धाकटा मुलगा बघतो, पण रक्त लागलेला हात तो लागलेलाच. लग्नाआधी मी मुलीला बजावले होते की माणसाचा स्वभाव रक्तातून येतो. ती म्हणाली, बाबा, म्हणूनच मला दुसऱ्या घरी जायचंय. विनोदी आहे. तो गुण माझ्याकडून आला.

३ फेब्रुवारी
आल्या. मी दारातच हात पुढे करून उभा होतो. मुलीने बाळ आईकडे दिले. मी बहुधा तिला दिसलो नाही. दार अडीच फुटांचे आहे.

चार वाजता व्याही हजर. बोटे एकेक केळ्याएवढी. मुलीने न मागता बाळ त्यांच्या हातात ठेवले, आणि बाळ झोपले. ज्या हातांनी चाळीस वर्षे बोकड सोलले त्या हातांत! चहा अर्धा टाकून दिला. बायको म्हणाली, दूध नासलं होतं का? मी म्हणालो, दूध नाही, काळ नासलाय. ती म्हणाली, मग कप धुवून ठेवा.

४ फेब्रुवारी, दुपारी
कारण सापडले. वास.

मी एकतीस वर्षे मेडिकल कॉलेजच्या उंदीरघरात होतो. शिक्षण सातवी, पण मोठमोठे प्रोफेसर मला विचारल्याशिवाय पिंजरा उघडत नसत. कोपऱ्यावरचा औषधवाला मला अजून डॉक्टर म्हणतो. (म्हणताना हसतो. त्याला हसण्याची खोडच आहे.)

उंदीरघराचा पहिला नियम : व्यायलेल्या उंदरिणीच्या पिंजऱ्यात दहा दिवस हात घालायचा नाही. पिल्लांना परका वास लागला की आई त्यांना खाते. सख्खी आई! सकाळी चाटत असते, संध्याकाळी चार शेपट्या तेवढ्या उरतात. त्या मी गोळा केलेल्या आहेत.

आता मुलगी बाळंतीण. दोन वर्षे मटणवाल्याच्या घरात राहिली, तेव्हा तो वास तिला घरचा झाला आणि माझा परका. निसर्गापुढे ती बिचारी काय करणार? तिच्यावर राग नाही. व्याह्यांच्या वासावर आहे.

६ फेब्रुवारी
वाचनालयात व्याख्यान. माणसातली दया आणि हिंसा कुठून येते. एक बाई मेंदूवर काम करतात, त्या बोलल्या. म्हणाल्या, पिल्लाला कुशीत घेताना आईच्या अंगात जो रस उतरतो, तोच परक्यावर दात विचकताना. चांगुलपणाची वेगळी गाठ आणि दुष्टपणाची वेगळी, असं काही नसतं.

हे मला पटले नाही. मी उभा राहून सांगितले की माझ्यात नुसती दया आहे, आणि दहा मिनिटे दाखले दिले. मागच्या माणसाने शर्ट ओढला. त्याला मी काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. आवाज चढला, पण संकल्प घरापुरता होता.

बाईंनी विचारले, काका, प्रयोग संपल्यावर उंदरांचं काय व्हायचं? मी म्हणालो, ते माझंच काम. पेन्सिल. मानेवर आडवी दाबायची, शेपटी धरून एक झटका. अर्धा सेकंद. एकतीस वर्षांत एक उंदीर ओरडला नाही. याला म्हणतात दया.

टाळ्या वाजवायचेही कुणाला सुचले नाही.

८ फेब्रुवारी
व्याही बाळाला मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हा त्यांना माझ्या पेन्सिलीचे सांगितले. सुरी आणि पेन्सिल यातला फरक समजावा म्हणून. ते म्हणाले, व्याहीबुवा, जनावर बिचकलं तर मी सुरी खाली ठेवायचो. पाणी दाखवायचो. गिऱ्हाईक बोंबलायचं, बोंबलू द्यायचो. तरी पाप ते पापच, त्याला दुसरं नाव द्यायला मला नाही जमलं.

शुद्ध ढोंग. ऐकून जीभ कडू झाली. बोकडाला पाणी दाखवतात म्हणे!

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. पेन्सिलीचे सुरू असताना आली, पाण्याचे संपल्यावर गेली.

९ फेब्रुवारी, सकाळी ११
इलाज आठवला. लिहून ठेवतो, कारण पुढे कुणी विचारील.

उंदीरघरात पिल्लांना हात लावावाच लागला, तर आधी हातमोज्याला त्याच पिंजऱ्यातला भुसा चोळायचा. मुताने भिजलेला असेल तर उत्तम. मग आईला वाटते, हात घरचाच. घरात भुसा नाही. न्हाणीघरात बादली आहे, बादलीत बाळाचे लंगोट आहेत. आज दुपारी.

दुपारी ३
किळस येत होती. पण शास्त्रात किळस चालत नाही. कोपरापर्यंत चोळले. पिवळा लंगोट डाव्या हाताला, ओला उजव्या. तेवढ्यात मुलगी दारात. म्हणाली, बाबा, हे काय चाललंय? मी सविस्तर सांगितले. उंदरीण, भुसा, चार शेपट्या. तिचा चेहरा पांढरा पडला. पदराने तोंड दाबून खोलीत गेली आणि आतून कडी लावली.

बायको म्हणाली, अहो, ती काय पोर खाणार आहे? साबण लावा. तीनदा. आणि नळ कोपराने उघडा, तो मला वापरायचाय.

यावर मी म्हणालो की या घरात शास्त्राला किंमत नाही. जरा जोरात म्हणालो. बाळ उठले. रडणे अर्धा तास. पण माझा आवाज बंद दारातून गेला होता, म्हणजे निम्माच धरायला हवा.

१० फेब्रुवारी
मुलगी परवा सासरी चालली. महिना म्हणाली होती, नऊ दिवसांत निघाली. बायकोला सांगितले की हे त्या मटणवाल्याचे कारस्थान आहे. तिने तवा आपटला. हिंसा तिच्या माहेरकडून आलेली आहे, हे मी पूर्वीच लिहून ठेवले होते, पण ती वही कपाटाखाली.

नातीला अजून एकदाही उचललेले नाही. आठ दिवसांत. मटणवाल्याने सहा वेळा.

११ फेब्रुवारी, दुपारी
बायको भाजी निवडता निवडता म्हणाली, वासाचं नाही हो ते. ती सात वर्षांची असताना तुम्ही तिला तिथं नेलं होतंत.

मी म्हणालो, नेलं होतं. पांढरे उंदीर दाखवायला. कुठला बाप दाखवतो? तिने एक निवडला होता, कानाला खाच असलेला. तासभर त्याला तळहातावर घेऊन बसली. त्याला कापसाचे अंथरूण केले.

बायको म्हणाली, मग?

मग काय. खाच म्हणजे नंबर. तो त्या दिवशीच्या यादीत होता. यादी मी करत नाही, प्रोफेसर करतात. मुलीला वाईट वाटू नये म्हणूनच तिच्यासमोर केले, म्हणजे दिसेल की अजिबात दुखत नाही. अर्धा सेकंद. आणि लगेच लिमलेटची गोळी दिली.

बायकोने निवडलेली भाजी आणि देठ एकाच भांड्यात टाकले. म्हणाली, येताना तिने तुमचा हात धरला नाही. रस्त्यावर एवढ्या गाड्या, तरी धरला नाही. परत कधी धरला, आठवतंय?

मला वाटले होते गोळीने हात चिकट झाला म्हणून.

हे तिने मला पंचवीस वर्षांनी सांगायचे? घरात कुणी वेळेवर काही सांगत नाही. संताप. पण आवाज चढवला नाही. चढतच नव्हता.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६
पेनाने लिहितो आहे.

व्याही गाडी घेऊन चार वाजता आले. पिशव्या खाली गेल्या. बाळ त्यांच्याकडेच होते. मी खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होतो. कालचे होते. ते समोर येऊन म्हणाले, व्याहीबुवा, पेपर ठेवा. धरा.

मुलगी म्हणाली, मामंजी, उशीर होतोय. ते म्हणाले, दोन मिनिटं गं.

ठेवले माझ्या हातात. पावणेतीन किलो. उंदीर जास्तीत जास्त चाळीस ग्रॅम. माझा डावा हात आपोआप पाठीमागून गेला. अंगठा मानेच्या एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला. बरोबर पेन्सिलीच्या जागी. मी सांगितले नव्हते. हात गेला. मी पाहिले, आणि मुलीनेही पाहिले. तिचा हात अर्धा पुढे आला.

व्याही म्हणाले, बरोबर, मान धरायचीच असते. फक्त चिमूट सोडा. तळवा लावा. असा. आणि केळ्याएवढी बोटे माझ्या हाताखाली घातली. ओढून घेतले नाही, नुसती खाली ठेवली. त्यांच्या हाताला वास होता तो साबणाचा.

चिमूट सुटायला वेळ लागला. बाळाने डोळे उघडून मला बघितले आणि जांभई दिली. मुलीचा हात तिथेच थांबला होता, पुढेही नाही, मागेही नाही. मी म्हणालो, घे बाई, तू घे. तिने घेतले. म्हणाली, येते बाबा. दोन मिनिटेही झाली नसतील.

अकरा पेन्सिली बायकोला दिल्या. तिने विचारले, यांचं काय करू? मी म्हणालो, चूल पेटव. ती म्हणाली, गॅस आहे आपल्याकडे.

हाताला दुधाचा वास येत होता. जेवायच्या आधी धुवायचे नाहीत असे ठरवले होते. पण बायकोने न्हाणीघरातून ओरडून सांगितले, साबण, तीनदा.

धुतले.