तुमच्या नावाला आलेलं ‘हजर’

प्रिय बाबा,

लेकीचा वाकून नमस्कार. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? तुम्ही अजून दार आतून लावून बसता का?

माजी सैनिकांच्या क्लबातली नोकरी चांगली चाललीय. फक्त एक चूक झाली. स्मृतिदिनाच्या यादीत तुमच्या तुकडीची नावं टाइप करताना मी तुमचंही घातलं. ती यादी फक्त गेलेल्यांची असते का, हे विचारायचं पदवी घेऊनही सुचलं नाही.

एकेक नाव वाचलं की उरलेले सोबती त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणतात. तुमच्या नावाला म्हणताना एक लंगडे काका ढसाढसा रडले. मी धावत जाऊन सांगितलं, “बाबा जिवंत आहेत!”

“मग तीस वर्षं कुठं दडून बसलाय गाढव?” ते ओरडले. मग हळूच म्हणाले, “पुलावर जे केलं, ते आम्ही सगळ्यांनीच केलं, पोरी. शिक्षा तो एकटाच का भोगतोय?”

बाबा, पूल कुठला, हे मी विचारणार नाही.

पुढच्या वर्षी यादीत तुमचं नाव नसेल. पण ‘हजर’ म्हणायला तुम्ही या. म्हणणारे आता सातच उरलेत.

तुमची वाट पाहणारी,
धाकटी