जिन्यावरच्या आजींना खाली उतरविण्याबाबत

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी,
महाविद्यालय कार्यालय, तळमजला
(पाण्याच्या टाकीशेजारील खोली)

विषय : मुख्य जिन्याच्या वळणावर लावलेले छायाचित्र (जडसंग्रह नोंदवही, अनुक्रमांक ४१२) निर्लेखित करून (नोंदवहीतून कमी करून) उतरविण्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा पाळकसाहेबांकडील अर्ज. उत्तर तोंडी मिळाले : "प्रार्थना करत राहा."
२) मा. प्राचार्यांकडील अर्ज. विषय भिंतीचा असल्याने तो आपल्या विभागाकडे वर्ग झाला.
३) आपले पत्र : "वस्तू सुस्थितीत असल्याने उतरविता येत नाही."

महोदय,

१. आपल्या पत्रातील नियम अर्जदाराने तीनदा वाचला. भिंतीवरची वस्तू फुटली, फिकी पडली, वाळवीने खाल्ली किंवा चोरीस गेली तरच खाली येते. अर्जदाराने प्रयोगशाळेतील स्टूल नेऊन व त्यावर चढून स्वतः पाहणी केली आहे. चौकट भक्कम आहे, काच अखंड आहे, वाळवीचा मागमूस नाही, आणि सहा फूट लांबीची वस्तू चोरणारा चोर या आवारात अजून जन्माला यायचा आहे. तेव्हा नियमाने अर्जदाराची बाजू लंगडी आहे, हे आधीच मान्य केलेले बरे. वस्तू धडधाकट आहे. तिच्यात दाखविलेली गोष्ट तेवढी मोडकी आहे, आणि आपल्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

२. मागील वर्षी थंडीच्या सुट्टीत महाविद्यालयाच्या प्रार्थना मंडळाने नऊ विद्यार्थ्यांना सोळा दिवसांच्या सुवार्ता दौऱ्यावर परदेशी नेले होते. अर्जदार (तेव्हा द्वितीय वर्ष, रसायनशास्त्र) त्यांपैकी एक. निघताना विमानतळावर अर्जदाराच्या आईने गळ्यात पडून सांगितले होते, "लोकांचं ऐकून घे गं. नुसती सांगत सुटू नकोस." अर्जदाराने हा सल्ला या कानाने ऐकला आणि त्या कानाने सोडून दिला.

दौऱ्याचा एक रिवाज येथे नोंदविणे भाग आहे. रोज संध्याकाळी सर्वांनी गोल करून बसायचे आणि आज आपल्या हातून प्रभूने काय केले याची साक्ष द्यायची. नवव्या दिवसापर्यंत बाकीच्या आठही जणांच्या साक्षी झाल्या होत्या. कोणासमोर एक ट्रकचालक रडला होता, कोणी एका घरातले भांडण मिटवले होते. अर्जदाराच्या वाट्याला नऊ दिवस शाळेच्या कुंपणाचा रंग आला होता. पथकाचे प्रमुख (आम्ही त्यांना दादा म्हणतो) मायेने म्हणाले, "काही नसेल तर नाही म्हण, त्यात काय एवढं?" पण नऊ दिवस 'नाही' म्हणणाऱ्याकडे बाकीचे कसे बघतात, हे ज्याचे त्यालाच कळते.

३. दहाव्या दिवशी पथक वृद्धांच्या रुग्णालयात गेले. खोलीत अकरा पलंग होते, प्रत्येकावर हिरवे मेणकापड. खिडकीतून बसचा डेपो दिसत होता. खिडकीपासून दुसऱ्या पलंगावर या आजी होत्या. विरळ वेणीला बँडेजच्या पट्टीची गाठ मारलेली, उशाशी चारपदरी घडी घातलेला रुमाल. दुभाषी बाई सह्यांचे कागद आणायला खाली गेल्या होत्या. त्यांच्यासाठी थांबावे, असे अर्जदाराच्या मनात आले नाही.

अर्जदाराने आजींचा हात हातात घेतला आणि डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली. इतर आठ जण भोवती जमले. मग अर्जदार आपल्याच भाषेत, हातवारे करून म्हणाली, "उठा आजी, उठा!" आजींनी नऊ चेहरे एकेक करून पाहिले. घाईने नव्हे, दारात आलेल्या पाहुण्यांकडे पाहावे तसे. मग हसल्या, पांघरूण बाजूला केले आणि उठल्या. पलंगापासून खिडकीपर्यंत सहा पावले आहेत. त्या सहाही पावले चालल्या.

टाळ्या झाल्या, गाणे झाले, दादांनी छायाचित्र काढले. परिचारिका धावत आली आणि दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडू लागली. तिलाही आनंद आवरेना, असे समजून आम्ही तिलाही मिठी मारली.

४. त्या संध्याकाळी अर्जदाराची साक्ष सर्वांत लांब झाली. परतल्यावर तीच साक्ष उपासनेत झाली, संमेलनात झाली, माहितीपत्रकात छापून आली. छायाचित्र मोठे होऊन जिन्यावर चढले. त्याखाली 'ती उठली आणि चालली' असे पितळी अक्षरांत आहे. परीक्षेला जाताना प्रथम वर्षाची मुले काचेतल्या अर्जदाराच्या हाताला बोट लावून जातात, त्यामुळे तेवढीच जागा कायम मळलेली असते. ती पुसण्याचे काम शिपाईमामांकडे आहे. एकदा पुसता पुसता ते म्हणाले, "ताई, एक सांगू? सगळे म्हणतात, आजी खिडकीकडे चालल्यात. पण त्या खिडकीकडे बघतच नाहीयेत. तुमच्या डाव्या हाताकडे बघतायत." अर्जदाराने त्यांना वेड्यात काढले. त्या दिवसापासून, वर कलम १ मधील पाहणी सोडल्यास, अर्जदार जिन्यावर मान वर करू शकलेली नाही.

५. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आजींच्या मुलीचे पत्र आले. आम्ही उशीवर ठेवलेल्या आशीर्वादपत्रावर महाविद्यालयाचा पत्ता होता. आपल्याकडील परकीय भाषा शिकविणाऱ्या बाईंनी पत्र वाचून दाखवले. पहिल्या पानानंतर त्या थांबल्या आणि त्यांनी खोलीचे दार लावून घेतले.

आजींच्या खुब्याचे हाड भेटीच्या पाच दिवस आधी शस्त्रक्रियेने जोडलेले होते. सहा आठवडे त्यांनी पाऊल टाकायचे नव्हते. आमची बस डेपोपर्यंत पोचण्याच्या आतच त्या खिडकीपाशी कोसळल्या. दुसरी शस्त्रक्रिया त्यांना झेपणारी नव्हती. बाराव्या दिवशी त्या गेल्या.

पत्रात एकही कठोर शब्द नाही, हेच अर्जदारास सोसवत नाही. मुलगी लिहिते : "मी आईला विचारलं, तुला चांगलं ठाऊक होतं, मग उठलीस कशाला? ती म्हणाली, पोरं इतक्या लांबून आली होती. सगळी कशी आशेने बघत होती. त्यांना रिकाम्या हाताने कसं परत पाठवायचं?"

शेवटी मुलीने एकच मागणी केली आहे. त्या दिवशी कोणीतरी छायाचित्र काढले होते, असे परिचारिकेने तिला सांगितले. आईचे उभे असतानाचे ते शेवटचे. मिळेल का?

६. पत्र आल्यापासून अर्जदार कोणताही जिना चढताना सहाव्या पायरीवर थांबते. ठरवून नव्हे, पाय आपोआप थांबतात. मागून येणारे आदळतात आणि बोल लावतात. खाणावळीच्या रांगेत, प्रयोगशाळेत, ग्रंथालयात सहा पावले झाली की अर्जदारास पाठीमागे कोणीतरी तोल सावरत उभे असल्याचे जाणवते. वळून पाहिल्यास कोणी नसते. न वळल्यास असते. महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या अर्जदार नियमित घेते.

दादांना पत्र दाखविले असता ते टेबलावर डोके ठेवून रडले. मग म्हणाले, "आजी आता तिथे वर चालतायत गं. पोरांचा विश्वास कशाला मोडायचा?" दादा वाईट नाहीत. आपल्यापैकी कोणीच वाईट नाही, आणि तरीही आजी गेल्या. पाळकसाहेबांच्या कार्यालयात साक्ष नोंदविण्याचा नमुना मिळतो. साक्ष मागे घेण्याचा नमुना नसतो.

अर्जदाराची श्रद्धा उडाली, असा शेरा कृपया कोणी मारू नये. अर्जदार आजही प्रार्थना करते. फक्त आता डोळे उघडे ठेवून करते.

७. हा अर्ज तातडीचा का, ते असे. यंदा चौदा विद्यार्थ्यांचे पथक येत्या २२ तारखेस त्याच रुग्णालयात जात आहे. त्यांची तयारी दर शनिवारी याच जिन्यावर, याच छायाचित्राखाली होते. अर्जदाराची साक्ष त्यांच्याकडून पाठ करून घेतात आणि सांगतात, "घाबरायचं नाही, विश्वासाने उठा म्हणायचं." मागच्या शनिवारी अर्जदाराने मध्येच बोलण्याचा प्रयत्न केला. मुलांना वाटले, ताई नम्रपणाने नाही म्हणतायत. त्यांनी टाळ्या वाजविल्या.

८. आता जे लिहायचे ते आधीच्या दोन्ही अर्जांत लिहिलेले नाही. शिपाईमामा खरे बोलले होते. आजींच्या पलंगाला पायथ्याशी दोरीने एक लाल पुठ्ठ्याची पाटी बांधलेली होती. तिच्यावरची अक्षरे वाचता येत नव्हती. दादांनी कॅमेरा वर धरला तेव्हा पाटी मध्ये येत होती, म्हणून अर्जदाराने ती सोडून डाव्या हातात पाठीमागे लपविली. छायाचित्राच्या खालच्या कडेला तिचा लाल कोपरा दिसतो. दोन बोटांएवढाच आहे. पितळी अक्षरांच्या वर, उजवीकडे पाहावे.

परतल्यावर ती पाटी बॅगेत सापडली, रुग्णालयाची आठवण म्हणून जपून ठेवली. मुलीचे पत्र वाचून झाल्यावर भाषेच्या बाईंनाच ती दाखविली. तिच्यावर तीन शब्द आहेत : 'उभे करू नये.'

महोदय, इथपर्यंत 'अर्जदार, अर्जदार' लिहीत आले, कारण त्या शब्दाआड उभे राहता येते. पाटी मी काढली. उठा मी म्हणाले. मला साक्ष हवी होती.

९. तरी मागणे असे :

अ) छायाचित्र निर्लेखित करण्यास नियम आड येत असल्यास ते 'हस्तांतरित' दाखवून पितळी अक्षरांवाचून आजींच्या मुलीकडे पाठवावे. ते तिचे आहे. वेष्टन मी स्वतः बांधीन.

आ) २२ तारखेपूर्वीच्या शनिवारी मला जिन्यावर तीन मिनिटे बोलू द्यावे. साक्षीला तेवढाच वेळ असतो.

इ) रिकाम्या झालेल्या खिळ्यावर सोबतची पाटी टांगावी. तिच्याखाली मराठी अर्थ लिहू नये. जाणाऱ्या मुलांना ती वाचता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. वाचता न आल्यास त्यांनी थांबावे आणि कोणाला तरी विचारावे, एवढ्यासाठीच ती तिथे हवी आहे.

आपल्या उत्तराची जिन्याखाली वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
तृतीय वर्ष, रसायनशास्त्र, हजेरी क्रमांक ३१
दिनांक : ९ डिसेंबर

सहपत्रे :
१) आजींच्या मुलीचे पत्र, भाषेच्या बाईंच्या सहीच्या भाषांतरासह.
२) अर्जदाराची छापील साक्ष. प्रत्येक पानावर आडवी रेघ मारलेली आहे, ती अर्जदारानेच मारली आहे.
३) लाल पाटी, एक. दोरीसह. मूळ.