लाल, पांढरी, पिवळी

मंगळवार, अहमदपूर

"बाई, मालकाला पाठवा," म्हणे! दुकानदाराचं ते बोलणं अजून डोक्यातून जाईना. मला दर महिन्याला रिचार्ज न लागणारा साधा सेट टॉप बॉक्स पाहिजे होता अन् तो महागातलाच पुढं सरकवून राहिला. मग मी मोबाईलवर आमच्या जुन्या टीव्हीच्या मागच्या बाजूचा फोटो दाखवला. लाल, पांढरं, पिवळं, तीन भोकं. "ह्या तीन वायरी लागतात का तुमच्या भारीवाल्याला?" न्हाई लागत! मग तीन भोकांचा साधा बॉक्स काढला त्यानं. स्वस्तातलाच घेतला. चुकला असता तर? चुकला असता, पण मी निवडलेला चुकला असता.

घरी आमचे मालक वायरी धरून टीव्हीमागं वाकले. शेवटी हळूच म्हणाले, "पिवळी कुठं लावू गं?"

म्हटलं, "थांबा, मालकिणीला पाठवते."