फोटोची कापलेली कड

इस्लामपूरजवळून,
१४ ऑगस्ट १९७४

प्रिय मेजरसाहेब,

पत्र मिळालं. क्वार्टर अजून मिळत नाही, हे तुम्ही तिसऱ्यांदा लिहिलंत. पहिल्यांदा मी मान डोलावली, दुसऱ्यांदा गप्प बसले. आता मात्र मला शंका येते, आणि एकदा शंका आली की माझं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. उसाची आडसाली लावण झाली, म्हैस व्याली, आत्याबाईंचा गुडघा बरा आहे. घरची खुशाली एवढीच. आता माझं ऐका.

मागं तुम्ही तिकडच्या, उटीजवळच्या फौजी कॉलेजातला फोटो पाठवलात. सुटाबुटात लय देखणे दिसता. पण त्याची उजवी कड कात्रीनं कापलेली, आणि शेजारच्या खुर्चीवर बांगड्या घातलेला कुणाचा तरी हात तेवढा उरलेला. तो हात आठवून माझ्या डोळ्याला डोळा लागेना. आत्याबाईंना दाखवला, तर म्हणाल्या, चाळशी न्हाई, दिसत न्हाई. दिसत सगळं होतं त्यांना, पण लेकाचं झाकायचं होतं.

मग रविवारी ज्ञानू हवालदार आला, तुमच्या कॉलेजात कारकुनी करतो तो, दहिवडीचा. आपल्याकडं फौजी सुट्टीवर आला की आधी साहेबाच्या घरी पाणी प्यायला येतो, ही रीत तुम्ही कशी विसरलात हो? उंबऱ्यातूनच म्हणाला, वहिनीसाब, आता बरं हाय न्हवं? साहेब म्हणत हुते, तुमच्या छातीत पाणी झालंय, म्हून आणलं न्हाई. मी तेव्हा डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उभी होते! बिचारा चपापला. मग पोहे खायला घालून मी त्याच्याकडनं सगळं काढून घेतलं. बंगला तुम्हाला पहिल्याच आठवड्यात मिळालाय. सगळ्या साहेबांची बायकापोरं तिथंच आहेत. फोटोतला हात तुमच्या शेजारच्या नेव्हीवाल्या साहेबांच्या बायकोचा. म्हणजे बायका तिथं राहतात हे मला कळू नये, म्हणून तुम्ही कात्री चालवलीत.

खरं सांगू? सवत निघाली असती तर बरं झालं असतं. तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या. तुम्हाला माझी लाज वाटते, त्या लाजेशी मी कशी भांडू? आपण बेळगावला होतो तेव्हा मेसमध्ये मी कर्नलसाहेबांच्या बायकोच्या पाया पडले. डोईवरचा पदर सावरून, मोठं माणूस म्हणून. सगळ्या बायका हसल्या. त्यांचं मला काही नाही. पण तुम्हीही हसलात, आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलला नाहीत. ते अजून सलतं.

तुमचं कॉलेज कशाचं? भूदल, नौदल, हवाई दल, तिन्हींच्या अफसरांनी एकत्र बसून लढाई आखायला शिकायचं, असं तुम्हीच कळवलं होतं. बेटावर सैन्य उतरवायचं होतं म्हणे, कागदावर. उतरायची वेळ तुम्ही एकट्यानं ठरवलीत, मांडीला मांडी लावून बसलेल्या नेव्हीवाल्याला विचारलंही नाहीत. नेमकी ओहोटी, आणि अख्खी पलटण चिखलात रुतली. शिकवणारे साहेब म्हणाले, लढाई सगळ्यांची आणि विचार एकाचाच, तर असंच व्हायचं. तुम्ही गंमत म्हणून लिहिलंत, मीही पोट धरून हसले. अहो, पण घरात तुम्ही वेगळं काय केलंत? संसार दोघांचा, आखणी तुमची, आणि मला नुसता हुकूम. दुसऱ्या दलाला विचारायला तेवढं शिकायचं, आणि बायकोला नाही?

म्हणून परवा आम्ही एकत्र बसलो. आत्याबाई, भाऊसो भावजी आणि मी. सगळ्यांना विचारून ठरलंय. म्हैस आत्याबाई बघतील, रानातलं भावजी. तेच मला मिरजेला गाडीत बसवून देतील. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, जा बाई, माझंच लेकरू हाय, पण चुकलंय. बंगळूरवरून बसनं मी पुढच्या शुक्रवारी सकाळी उटीच्या स्टँडवर उतरेन. येऊ का, असं विचारायला हे पत्र लिहिलेलं नाही. मी येते आहे, ते तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलंय, कारण न सांगता ठरवलेलं किती लागतं ते मला माहीत आहे. मला इंग्रजी येत नाही, शिकवलंत तर शिकेन. थोरामोठ्यांच्या पाया पडणं मात्र सुटायचं नाही. एवढं करूनही लाज वाटत असेल, तर तिथंच स्टँडवर तोंडानं सांगा, मी त्याच बसनं माघारी फिरेन. पण चार लोकांत मला पुन्हा आजारी पाडू नका. मी धडधाकट आहे, आणि तुमची बायको आहे.

तुमचीच, अजून तरी,
अंजना