सटवाईवरचा शेंदूर

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी काल पुन्हा तुमच्याशी भांडावंसं वाटलं. नातसुनेनं सव्वा महिन्याचं लेकरू शिरड शहापूरच्या शिवारातल्या सटवाईपुढं ठेवलं, दगडाला तेल-शेंदूर लावला, आणि मला तुमची रॉकेलची बाटली आठवली.

निजामाचं राज्य अजून होतं. हैदराबादेत तुमच्या हाताखाली मी आमच्या भागातल्या जुन्या मूर्तींवर एम.ए.चा प्रबंध लिहीत होतो. प्रबंध उर्दूत, आपली भांडणं मराठीत. अजायबखान्यात तुम्हीच मला मूर्ती पाहायला शिकवलंत. हात तुटलेल्या त्या देवतांपुढं मी शाळेतल्या कविता पुटपुटायचो आणि तुम्ही न ऐकल्यासारखं करायचात. मग एका हिवाळ्यात आपण या सटवाईला आलो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदरानं तिचा नुसता गोळा झालेला. तुम्ही तिच्यापुढं उकिडवे बसता, हातात बांबूची कामटी. "खाली यादवकाळची देवी आहे. रॉकेल लावून हा लेप काढू, मग गाडीत घालून अजायबखान्यात नेऊ." पाण्याला निघालेली एक म्हातारी घागर खाली ठेवते. "काहून सायब, मायच्या तोंडाची कातडी सोलून पाहता का, खाली कोन हाय म्हून?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "आजी, उद्या कुणी हा दगड विहिरीच्या बांधकामात घातला तर?" "आमी काय मेलो का?" ती म्हणाली. "अन्‌ तिकडं हिला न्हाऊ कोन घालील, तुमी?" मला हसू आवरेना, तुम्ही वळून पाहिलंत तेव्हा आवरलं. कामटी तुम्ही माझ्यापुढं केलीत. मी हात पाठीमागं बांधले. गाडी रिकामी परत गेली.

प्रबंधात मी लिहिलं, की या शेंदराचा एकेक थर एकेका जगलेल्या लेकराचा आहे. तो मूर्तीचाच भाग धरावा, खरवडला तर हाती नुसता दगड राहील. तुम्ही ते पान पालथं ठेवलंत. "हे प्रकरण काढा, नाहीतर माझी सही मिळणार नाही. तुम्ही आपले कविता करा." मी प्रकरण काढलं नाही. पदवी गेली. कळमनुरीच्या शाळेत मास्तरकी केली, पोरांकडून कविता पाठ करून घेतल्या, आणि एक दिवसही पस्तावलो नाही. तुम्ही विद्वान होता, तुमची भीतीही खोटी नव्हती, म्हणून काही तुमचं बराबर होत नाही. त्या प्रकरणातलं एक वाक्य मी आजही मागं घेणार नाही.

फक्त काल, सगळे नैवेद्याच्या गडबडीत होते तेव्हा, लेकराच्या नावानं मीही शेंदूर लावायला पुढं झालो, आणि लावून झाल्यावर बोट उचललं नाही. त्या गोळ्यात तिचे ओठ कुठं असतील, ते चाचपत राहिलो. थर फार झालेत, सर. काही हाताला लागलं नाही. हे पत्र तुम्हाला पाठवता आलं असतं, तर एवढं खोडूनच पाठवलं असतं.