पाच इंची मॉनिटर आणि मामांचा हात

आदरणीय तिबारीमामांस,

तुमच्या धाकट्या भाच्याचा, रहालचा, लवून सलाम. आधी तुमच्या उजव्या हाताचं आणि मग कपाळाचं चुंबन घेतलं असं समजावं. (हे समोर येऊन करायला हवं होतं, कळतं मला. पण त्या उजव्या हाताच्या टप्प्यात यायची सध्या माझी छाती नाही.) साफीची हवा तुम्हाला मानवत असेल, अशी अल्लाकडे प्रार्थना. मामींचे गुडघे कसे आहेत? समुद्राच्या दमट हवेनं ते जास्त धरतात असं आई म्हणते. आई हे हल्ली भिंतीकडे तोंड करून म्हणते, कारण माझ्याशी ती बोलत नाही. पण भिंतीला गुडघ्यांत काय रस असणार, म्हणून मी ते माझ्यासाठीच आहे असं धरून चालतो. झोहराताई, तिचा नवरा आणि पोरं सुखरूप असतील. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. खरं तर काहीच ठीक नाही.

तुमचा घोडा मर्झूक मात्र मजेत आहे. त्याचं दाणापाणी सध्या मी बघतो (शिक्षा म्हणूनच समजा) आणि त्याबद्दल तो मला रोज चावतो. चावताना माणसं बघतो हो तो. आईला नाही चावत, आमच्या थोरल्या मिलूददादाला नाही चावत, फक्त मला. तुम्ही आईला फोनवर सांगितलंत की येत्या मंगळवारच्या बाजारात त्याला विकून टाक, आता मी पुन्हा रिकिबीत पाय ठेवणार नाही. तो निरोप ऐकून आईनं फोन ठेवला आणि कणीक मळायला घेतली. इतकी मळली की त्या रोट्या आम्ही हातानं तोडू शकलो नाही. दलाल येऊन गेला. आईनं त्याला दारातच सांगितलं की घोडा फार आजारी आहे, उभं राहवत नाही त्याला. नेमकी त्याच वेळी मर्झूकनं तबेल्याच्या दाराला अशी लाथ घातली की बिजागरी निघून दलालाच्या पायाशी येऊन पडली. दलाल जाताना म्हणाला, “आजार चांगलाय, मंगळवारी बघतो.” म्हणून घाईनं हे पत्र.

आता मूळ गोष्ट. मामा, हे सगळं माझ्या हावरेपणातून झालं, आणि हाव तरी कशाची, तर नीट दिसावं याची. गेल्या साली उरुसात मी आपल्या बंदूकवाल्या घोडेस्वारांच्या पथकाची फिल्म काढली ती तुम्हाला आठवत असेल. (आठवत नसेल तर बरं.) ऊन असं की कॅमेऱ्याच्या मागच्या इवल्याशा स्क्रीनवर मला फक्त माझंच नाक दिसत होतं. मी अंदाजानं कॅमेरा धरला. फिल्म लागली तेव्हा पंधरा घोडे धुरकट, स्वार त्याहून धुरकट, आणि मागे भाजलेले चणे विकणारा एक इसम मात्र असा स्वच्छ की त्याच्या मिशीतला केस न् केस मोजून घ्यावा. पथकाचे म्होरके, मुकद्दम हाज कद्दूर, शेवटपर्यंत शांतपणे बघत होते. मग म्हणाले, “बाळ रहाल, पथक आमचं होतं की चणेवाल्याचं?” तंबूभर लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, “पोरगं शिकतंय.” हे वाक्य मला आता झोपू देत नाही.

तेव्हाच ठरवलं की कॅमेऱ्यावर बसवायचा वेगळा छोटा मॉनिटर घ्यायचा, भर उन्हात दिसणारा. मामा, बायको निवडणं सोपं असतं, त्यात निदान आई मदत करते. पाच इंची घ्यावा की सात इंची, यावर मी हिवाळा काढला. सात इंचीत सगळं मोठं दिसतं, पण कॅमेऱ्याच्या डोक्यावर तो पाट ठेवल्यासारखा बसतो आणि हात भरून येतात. पाच इंची हलका, पण लहान. शिवाय उजेड किती, बॅटरी किती वेळ, केबल हिसक्यानं निघते का, वर सावलीची झापड मिळते का. शेवटी कासाब्लांकाला गेलो. दर्ब घल्लफच्या बाजारात नूरद्दीन नावाचा दुकानदार आहे. त्याच्या दुकानात अंधार, त्यामुळे तिथे प्रत्येक मॉनिटर पौर्णिमेच्या चंद्रासारखा. मी म्हटलं, बाहेर उन्हात नेऊन दाखव. तो म्हणाला, “भाऊ, टरबूज घेतोयस का, कापून दाखवायला?” पण आला बाहेर. मग गल्लीतला प्रत्येक जण मत द्यायला आला. चार्जर विकणारा म्हणाला सात, केस कापणारा म्हणाला पाच, आणि केस अर्धवट कापलेलं गिऱ्हाईक म्हणालं की मॉनिटरच कशाला, आमच्या आजोबांना डोळे होते.

मी पाच इंचीवर आलो, आणि कशामुळे आलो ते लाज बाजूला ठेवून सांगतो. नूरद्दीननं त्याचं एक बटण दाबलं. चित्रातला हवा तो तुकडा भिंगाखाली धरल्यासारखा मोठा झाला. “माशीला मिशा असतील तर दिसतील तुला,” तो म्हणाला. मला माशीच्या मिशांचं काय करायचं होतं, मामा? पण मी भुललो. लहान स्क्रीन असली तर काय बिघडलं, म्हटलं, लागेल तेवढं मोठं करून बघू. घरी आणून आईला दाखवला. जे स्पष्ट टिपलंय त्याच्या कडेला हा मॉनिटर लाल रेघ काढतो, ती सोय मी मोठ्या रुबाबात समजावून सांगितली. आईनं त्यातून हाज कद्दूरांच्या बायकोकडे पाहिलं आणि म्हणाली, “हिच्या तोंडाभोवती लाल का? ताप आलाय का हिला?” मग तिनं स्वयंपाकघराच्या छतावरची जळमटं त्यात पाहिली, मला झाडू दिला आणि मॉनिटरवर तिचा विश्वास बसला.

उरुसाचा दिवस उजाडला. मी धावेच्या टोकाला उभा. समोर तुमची रांग, मध्ये हाज कद्दूर, उजवीकडे मिलूददादा, त्याच्या पलीकडे तुम्ही, गुडघ्याला गुडघा लागून. मॉनिटर असा लख्ख की मर्झूकच्या कपाळावरची झालर मोजता यावी. हाज कद्दूरांनी हाळी दिली, घोडे सुटले, तुम्ही सगळे रिकिबीत उभे राहिलात, बंदुका आभाळाकडे वळल्या आणि बार उडाला. सगळ्या बंदुकांचा मिळून एकच बार उडायला हवा होता. उडाला तोही, पण त्याच्या शेपटीला एक चुकार “ठो” आला. सगळ्या मैदानानं तो ऐकला. गाजर खाणाऱ्या गाढवानंसुद्धा मान वर केली.

आपल्यात असं झालं तर काय करतात ते मला पाळण्यात असल्यापासून माहीत आहे. कोणी कोणाकडे बघत नाही. परत येईपर्यंत सगळे घोड्यांच्या कानांकडे बघतात. तंबूत हाज कद्दूर म्हणतात, “हाळी माझी चुकली,” आणि चहा ओततात. उशिराचा बार कोणाचा, हे विचारायचं नसतं. बार पथकाचा असतो. त्या दिवशीही हाज कद्दूर तसंच म्हणाले, चहाही ओतला. आणि तुमच्या या भाच्यानं, गेल्या सालची चणेवाल्याची चेष्टा धुऊन काढायची म्हणून, मॉनिटर तंबूच्या मधोमध चहाच्या तबकावर ठेवला आणि फिल्म लावली.

पोरंसोरं भोवती जमली. मिलूददादा माझ्या खांद्यावरून वाकून सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला, “अरे, तो उशिराचा कोण ते दाखव ना.” हाज कद्दूर खाकरले. मी ते ऐकलं, मामा, आणि मला खोकला वाटला असं खोटं लिहिणार नाही. मला कळलं होतं. पण माझा अंगठा त्या बटणावर गेला होता. मी धुराचा उशिराचा लोट शोधला आणि मोठा केला. आणखी मोठा केला. त्या पाच इंचात तुमचा फेटा, तुमची बाही आणि तुमचा हात मावला. हात हललेला दिसला. मिलूददादा म्हणाला, “मामाचा हात थरथरला.” तुम्ही पेला खाली ठेवलात, “चहा गार झाला,” म्हणालात आणि उठलात. चहातून वाफा निघत होत्या.

त्यानंतर तुम्ही साफीला निघून गेलात, आणि इकडे माझी जी शोभा चालली आहे ती तुम्ही बघायला हवी होती. शुक्रवारच्या कुसकुसाच्या ताटात आई मांस माझ्या समोरच्या बाजूला लावते, म्हणजे माझ्यापासून दूर. माझ्या वाट्याला सलगम. हाज कद्दूर मला सलाम करतात, पण मी जवळ गेलो की बंदूक झाकून ठेवतात, जणू मी तिचाही फोटो काढीन. आई एकदाच माझ्याशी थेट बोलली. म्हणाली, “दोन डोळे पुरले नाहीत म्हणून कासाब्लांकाहून आणखी एक आणलास, आणि त्यातून बघितलंस काय, तर माझ्या भावाची लाज.” मला पहिल्यांदा घोड्यावर तुम्ही बसवलंत, पडलो तेव्हा कोणाला कळू दिलं नाहीत, आणि मी तुमचं पडणं पंचवीस जणांना मोठं करून दाखवलं. मला शरम वाटते, मामा. उठताना वाटते, जेवताना वाटते, मर्झूक चावतो तेव्हा तर त्याचं बरोबरच आहे असं वाटतं.

मी माफी मागतो. द्यायची की नाही ते तुमच्यावर. मामींना आणि झोहराताईला सलाम, पोरांचे पापे.

तुमचा, तोंड दाखवायला जागा नसलेला,
रहाल

ता. क. साफीत फिल्मा काढणारा कोणी ओळखीचा असेल तर सांगावं, एक पाच इंची मॉनिटर विकणे आहे. अगदी नवा, एकदाच वापरलेला, आणि तेही चुकीच्या कामासाठी. सावलीची झापड फुकट.

ता. क. दुसरा. वरचं सगळं लिहून पाकीट बंद केलं होतं, ते फोडून हे लिहितो. काल आई म्हणाली (भिंतीला), की भावाचं तोंड बघून किती दिवस झाले. म्हणून मी तीच फिल्म घरातल्या मोठ्या टीव्हीवर लावली. मोठी न करता, आहे तशी, अख्खी रांग. आईनं बघितलं, आणि मग म्हणाली, “थांब. हा मिलूदला काय झालंय?” मामा, बार उडायच्या आधी दादाचा फेटा सुटला आहे. त्याचं टोक त्याच्या डोळ्यांवर आलं आहे, आणि आंधळ्यानं धरावी तशी त्याची बंदूक खाली, त्याच्याच घोड्याच्या मानेवर येते आहे. गोळी नसली तरी तेवढ्या जवळून नुसत्या दारूनं घोडा उधळला असता, आणि भर धावेत दादा सगळ्यांच्या टापांखाली गेला असता. तुम्ही तुमचा बार रोखलात. कोपरानं त्याची नळी वर ढकललीत. त्याचा बार वेळेवर उडाला, दादाला वाटलं घोड्याचा हिसका बसला. मग तुम्ही तुमचा उडवलात. हात थरथरला नव्हता. तंबूत मी बटण दाबलं तेव्हा दादा चित्राबाहेर गेला होता, आणि तुम्ही तिथे बसून, सगळं माहीत असून, एक शब्द बोलला नाहीत. आई पुष्कळ रडली. मग डोळे पुसून मला म्हणाली (भिंतीला नाही, मला), “माझ्या भावानं जे गिळलं ते तू बाहेर काढायचं नाहीस. पथकात कोणाला नाही, मिलूदलाही नाही.” मी शपथ घेतली. पण आमच्या पाठीमागे दारात मिलूददादा रव्याची हर्शा रोटी खात उभा होता, आणि तो केव्हापासून उभा होता ते आम्हाला माहीत नाही. त्यानं उरलेला तुकडा टेबलावर ठेवला आणि बाहेर गेला.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. माझी विनंती माफीची नाहीच. मर्झूकला विकू नका, आणि मंगळवारच्या आत या. हे पत्र घेऊन आलेला जो दारात उभा आहे, तो मिलूददादा आहे. त्याला आत घ्या. तो काही बोलणार नाही, त्याला माझ्याइतकंही जमत नाही. एवढ्या उन्हात तो बोडक्या डोक्यानं आला आहे. फेटा पिशवीत आहे. म्हणतो, मामांनी बांधला तरच बांधीन.